दहा हातांचा झेला

मी झेला बोलतोय. झेला म्हणजे आंबे उतरवायची काठी. टोकाला लोखंडी कडं आणि कड्याला जाळी. शहरातल्या माणसांना हे सांगावं लागतं. आंबा पेटीतच तयार होतो असं समजणारी माणसं मी पाहिलीत, आणि त्यात चांगली शिकलेलीही होती.

नेसरीजवळच्या एका वाडीत, गोठ्याच्या वाशाला मला आडवं टांगलंय. खाली एक म्हैस, दिवसभर रवंथ करते आणि शेपटीनं माझ्या जाळीला धूळ मारते. समोर खिडकी आहे. खिडकीतून परडं, म्हणजे घरामागची मोकळी जागा दिसते आणि परड्यात शेंदऱ्या. शेंदऱ्या हे आमच्या आंब्याच्या झाडाचं नाव. त्याचं फळ पिकलं की एका गालावर शेंदूर फासल्यासारखं लाल होतं.

मला सांगायचंय ते या झाडाचं आणि एका बाईचं. बाईचं नाव बसव्वा. तिच्याबद्दल एक गोष्ट माझ्या पोटात आहे. माणसाला सांगायला मला तोंड नाही, आणि म्हशीला सांगून काय होणार? म्हणून तुम्हाला सांगतो. पण शेवटी माझी एक विनंती आहे, तेवढी ऐकून मग उठा.

मी मूळचा चिवा, म्हणजे आतून भरीव असतो तो बांबू. आजऱ्याच्या बाजूच्या डोंगरात वाढलो. बसव्वाच्या नवऱ्यानं, चन्नाप्पानं मला तोडलं तेव्हा त्याच्या लग्नाला तीन महिने झाले होते. खांद्यावर टाकून त्यानं मला घरी आणलं आणि परड्यात मोजलं. भरले बरोबर दहा हात. चुलीच्या धगीवर धरून त्यानं माझी एक वाकडी गाठ सरळ केली. ते भाजणं अजून आठवतं! मग फुटक्या बादलीच्या कडीचं कडं केलं आणि कड्याच्या तोंडाला दोन खिळे उभे बसवले. देठ त्या दोन खिळ्यांत अडकवायचा आणि हिसका द्यायचा, की फळ जाळीत.

जाळी मात्र बसव्वानं विणली. नवी नवरी, हातातला हिरवा चुडा वाजतोय आणि बाई सोप्यात बसून सुतळीच्या गाठी मारतेय. चन्नाप्पाला विचारलं,

"केवढी करू वो?"

"माझं डोस्कं मावंल एवढी कर," तो म्हणाला.

बसव्वा पण काही कमी नव्हती. तिनं ती अर्धी जाळी खरंच त्याच्या डोक्यावर घातली, माप घेतलं आणि तेवढीच विणली. दोघं इतकी हसली की शेजारची धोंडुबाई कुंपणावरून बघायला आली. माझ्या जाळीचं माप ते आहे. पुढचं ऐकताना एवढं ध्यानात ठेवा.

आता आंबे उतरवायच्या तऱ्हा सांगतो. मला त्यात चाळीस वर्षांचा अनुभव आहे, तेव्हा मध्ये बोलू नका.

एक तऱ्हा आळशांची. फांदी धरायची आणि गदागदा हलवायची. आंबे पडतात, ढिगानं पडतात, आणि माणूस खूश होतो. चार दिवसांनी गवतात पिकत घातलेली अढी उघडली की निम्मे सडलेले. मग म्हणायचं, औंदा आंब्यातच दम नव्हता. माणसाला स्वतःचा हात कधी दिसत नाही.

दुसरी तऱ्हा चढणाऱ्यांची. चन्नाप्पा त्यातला. धोतर खोचून अनवाणी चढायचा, हातानं फळ तोडायचा आणि खाली सोडायचा. खाली बसव्वा आणि आणखी कुणीतरी पोतं ताणून उभी. प्रत्येक फळ सोडताना तो ओरडायचा, "झेल गंऽ!" दिवसाला पाचशे वेळा झेल गं. बसव्वा म्हणायची, "आले, आले!" संध्याकाळपर्यंत दोघांचे घसे बसायचे.

तिसरी तऱ्हा मी. जिथं फांदी बारीक, जिथं माणसाचा पाय ठरत नाही, तिथली फळं माझी. जमिनीवर उभं राहून खालच्या घेराची फळं माझ्यानं काढायची. माझं काम चांगलं होतं, पण खोटं कशाला बोलू? मला कापता येत नव्हतं, फक्त ओरबाडता येत होतं. देठ मुळातून निघायचा, चीक भस्सकन उडायचा आणि फळाच्या गालावरून ओघळायचा. चीक जिथं लागला तिथं साल काळी पडायची. बसव्वा ती काळी फळं वेगळी काढायची आणि म्हणायची, "ही झेल्याची." मला फार लागायचं ते.

आणि एक नेम होता. चन्नाप्पाच्या अज्जानं घालून दिलेला. शेंड्याचे पाच आंबे कधी काढायचे नाहीत. तो पाखरांचा वाटा. झाड पार ओरबाडलं तर पुढच्या साली रुसतं, असं अज्जा म्हणायचा. त्यामुळं शेंड्याकडं कुणी गेलंच नाही. मी मात्र एकदा गेलोय.

चन्नाप्पाचा मुलगा वीरेश तेव्हा नऊ वर्षांचा होता. बसव्वा माहेरी संकेश्वरला गेली होती. वीरेशचा पतंग नेमका शेंड्यात अडकला आणि पोरानं घर डोक्यावर घेतलं. चन्नाप्पा मला घेऊन वर चढला. झाडाला खालून दुसरं मोठं बेचकं आहे, तिथं खोडाला पाठ लावून तो उभा राहिला. मला त्यानं फांद्यांतून अलगद वर सरकवलं. मी शेंड्याला पोचलो. पोचून वर वीतभर उरलो. पतंग माझ्या जाळीत आला. खाली वीरेश टाळ्या पिटत होता. वरून चन्नाप्पा म्हणाला, "अव्वाला सांगू नगंस रं, पोराच्या पतंगासाठी झाडावर चढलो म्हणून शिव्या घालंल." पोरानं सांगितलं नाही.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. आता सांगतो त्या दिवसाला अकरा वर्षं झाली.

वीरेशचं लग्न जमत आलं होतं. मुलीकडची माणसं दुसऱ्या दिवशी सुपारी फोडायला यायची होती. घर सारवून झालं होतं. पावण्यांना अंथरायच्या म्हणून बसव्वानं घरातल्या साऱ्या वाकळा धुतल्या होत्या. वाकळ भिजली की रेड्याएवढी जड होते, दोरी तुटते. म्हणून तिनं मला गोठ्याच्या मेढीपासून सीताफळीच्या फांदीपर्यंत आडवं बांधलं आणि माझ्यावर वाकळा वाळत घातल्या. वीरेश बाजाराला गडहिंग्लजला गेला होता.

शेंदऱ्याचा माल आठ दिवसांपूर्वीच गेला होता. झाडावर उरले होते पाच. शेंड्याचे.

"अवो," बसव्वा म्हणाली, "उद्या पावणं येत्यात. परड्यात एवढं झाड, आनि पावण्यास्नी बाजारचा रस वाढायचा व्हय?"

"ती पाच पाखरांची हायत."

"पाखरं काय सुपारी फोडाय येत न्हाईत."

चन्नाप्पा हसला. तिच्यापुढं त्याचं कधी चाललंच नाही. इकडंतिकडं बघून म्हणाला,

"झेला कुठाय गं?"

"त्याच्यावर वली वाकळ हाय. आता सोडला तर सगळं चिखलात लोळंल. तसंच चढा की! काय पाय मोडल्यात व्हय?"

"मोडलं तर तू हाईस की चोळाय," तो म्हणाला आणि गेला.

मला झाड दिसत नव्हतं, वाकळेच्या कडेखालून बसव्वा तेवढी दिसत होती. माझ्यावर ओली वाकळ होती. ऐकू मात्र सगळं येत होतं. त्याच्या अनवाणी पायांची सालीवरची खरखर, पहिलं बेचकं, दुसरं बेचकं. तिथं तो थांबला. मला वाटलं, आता हाक मारेल, झेला पाठव म्हणेल. त्यानं हाक मारली नाही. तो वर गेला.

"झेल गंऽ!"

"आले, आले!" ती एकटी होती, म्हणून पोत्याऐवजी पदर पसरून उभी होती.

चार वेळा हाक आली. चार आंबे पदरात पडले. पाचव्या वेळी आधी फांदी वाजली. आंब्याचं लाकूड ठिसूळ, सांगून मोडत नाही. हाक अर्धीच आली, "झेल ग…"

तो तिच्यापासून दोन हातांवर पडला. ती पदर पसरून तशीच उभी होती. माणसं धावत आली तेव्हाही तिनं पदर सोडला नव्हता, चार आंबे तसेच होते. त्याचं डोकं मावेल एवढी जाळी तिनं विणली होती, आणि त्या जाळीवर तिनंच वाळत घातलेल्या वाकळेचं पाणी ठिबकत होतं. मी काय करणार होतो? मला बांधलेलं होतं.

त्यानंतर मला इथं टांगलं. कुणी हात लावायचा नाही, असं बसव्वानं सांगितलं. शेंदऱ्यावरही कुणी चढायचं नाही. वाडीतले लोक म्हणाले, झाडानं माणूस घेतला. काही बायका हळूच म्हणाल्या, नव्या पोरीचा पायगुण. ती नवी पोरगी म्हणजे विद्याश्री. लग्न वर्षाच्या आत उरकलं, आणि उंबरा ओलांडायच्या आधीच बिचारीच्या कपाळी हे लागलं. बायका बोलायच्या, विद्याश्री मान खाली घालायची, आणि बसव्वा गप बसून भाकरी थापायची.

गोठ्यात मात्र ती गप नसायची. रोज धार काढताना माझ्याकडं बघून बोलायची. "तुला सोडला असता तर? येक वाकळच की रं. परत धुतली असती." अकरा वर्षं रोज हेच. घरात कुणाला माहीत नव्हतं की चन्नाप्पानं झेला मागितला होता. मला माहीत होतं आणि तिला.

आणि उन्हाळा आला की ते सुरू व्हायचं.

शेंदऱ्याला फळ धरायचंच. उतरवणारं कुणी नाही. वैशाखात वळवाचं वारं सुटलं की पिकलेली फळं पडायची. थप्प. थोड्या वेळानं पुन्हा थप्प. आणि त्या प्रत्येक आवाजाआधी, शेंड्यातून, बसलेल्या घशानं, "झेल गंऽ."

वारा म्हणा हवं तर. पण मी लाकूड आहे, मला भास होत नाहीत. तिलाही ऐकू यायचं. ती हातातलं काम टाकून पोतं घेऊन धावायची, "आले, आले!" पोचायच्या आत फळ फुटलेलं असायचं. ती वर बघत उभी राहायची. वीरेश यायचा, हाताला धरून आत न्यायचा. "अव्वा, वारं हाय ते." ती म्हणायची, "व्हय, वारंच हाय." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अकरा उन्हाळ्यांत तिनं एकही फळ झेललं नाही.

या वैशाखात ती धावताना सडक्या आंब्यावरून घसरली. खुब्याला मार बसला. हाड वाचलं, पण महिनाभर काठी आली. वीरेश त्या दिवशी परड्यात उभा राहून झाडाकडं नुसता बघत होता. मग त्यानं लाकूडतोड्या आकारामला फोन केला.

"बुडापासनं काढायचं," तो म्हणाला. "बाप घेतला, आता आई घेतंय ते."

 बसव्वा काठी टेकत गोठ्यात आली, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून माझ्याकडं बघितलं. "झाड गेल्यावर ह्यांनी हाक कुठनं मारायची रं?" असं म्हणाली. दुपारचं जेवण तसंच झाकून राहिलं, रात्रीचंही. दुसऱ्या दिवशी वीरेशनं घास पुढं केला तर तोंड फिरवलं. झाड राहिलं तर बाई झाडाखाली जाणार, आणि झाड गेलं तर बाई उपाशी जाणार. मला तर काही सुधरेना.

सुधरलं ते विद्याश्रीला. ती बायकांच्या गटाबरोबर फळबागेच्या शिबिराला गेली होती. येताना नवा झेला घेऊन आली. काय तो थाट! अॅल्युमिनियमच्या नळ्या, एकात एक बसवून लांब करायच्या. निळी नायलॉनची जाळी, आत स्पंजाची गादी. तोंडाला कात्रीसारखं पातं आणि पात्याला दोरी. देठ पात्यात घ्यायचा, खालून दोरी ओढायची, टच्च. फळाला दोन बोटं देठ राहतो, चिकाचा थेंब सांडत नाही. तिनं तो गोठ्यात माझ्या शेजारी टेकवला. माझ्या अंगावर अकरा वर्षांची जळमटं आणि शेजारी हे चकचकीत ध्यान. मला त्याचा राग आला, सरळ सांगतो.

"अवो," ती वीरेशला म्हणाली, "पाडायचंच आसंल तर पाडा. पर येकदा फळ उतरवू. जमिनीवरनं. कुणी चढायचं न्हाई. जुना झेला बी काढा खाली, दोन्हीनं काढून ठेवू, फरक बगू."

"अव्वा काढू दील व्हय?"

"मी बोलते आत्तींशी."

बोलली नाही. हिंमत झाली नसावी. रविवारी सकाळी वीरेशनं शिडी लावली आणि मला वाशावरून सोडवलं. बसव्वा सोप्यातून ओरडली, असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

"त्येला हात लावू नगो, वीरेश! ठेव त्यो वर!"

पण तोवर मी उन्हात आलो होतो. माणसासारखे डोळे असते तर दिपले असते. सुतळी दोन जागी उंदरानं कुरतडली होती, तिथं विद्याश्रीनं गाठी मारल्या. तिच्या बांगड्या माझ्या जाळीशी वाजल्या. फार वर्षांनी वाजल्या.

परड्यात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी केली होती. विद्याश्री तिच्यावर चढली आणि नव्या झेल्यानं काढू लागली. टच्च. टच्च. बघता बघता वीस फळं, एकालाही ओरखडा नाही. मग वीरेशनं मला घेतलं. हिसका, चीक, हिसका, चीक. माझी वीस होईपर्यंत त्याच्या हाताला चिकाचे चट्टे उठले. शेवटी विद्याश्रीनं आकडीनं एक फांदी हलवली, मुद्दाम, तुलनेला. वीसेक पडले, थपाथप. बसव्वा दारात काठी धरून उभी होती, प्रत्येक थप्पला तिचा खांदा हलत होता.

तेवढ्यात वारं आलं. शेंड्यातून एक पिकलेलं निखळलं आणि मी ऐकलं. तिनंही ऐकलं.

"आले, आले!" म्हणत तिनं काठी टाकली, दोन पावलं धावली आणि खाली बसली. फळ तिच्यापुढं येऊन फुटलं.

वीरेश मला हातात घेऊनच धावला. "अव्वा, काय हे? कशासाठी गं?"

"त्येनी झेला मागितलाता," बसव्वा म्हणाली.

"कुणी?"

"तुझ्या अप्पानी. त्या दिशी. मी दिला न्हाई. म्हटलं, वली वाकळ हाय त्याच्यावर. म्हटलं, पाय मोडल्यात व्हय, तसंच चढा." ती माझ्याकडं बोट करून बोलत होती. "पाखराचा वाटा मीच काढाय लावला. पावण्यास्नी रस वाढायचा हुता. मी मारलं त्यास्नी, वीरेश."

 विद्याश्री ट्रॉलीवरून उतरली.

"पावणं म्हंजे आमचीच मानसं की, आत्ती."

"व्हय. तुझीच. अकरा वर्सं लोकांनी तुझा पायगुण काढला, आनि मी ऐकत बसले. तोंड उघडलं न्हाई. आता काय म्हणशील ते म्हण."

विद्याश्रीचे डोळे भरून आले. मला वाटलं, ही आता अकरा वर्षांचं सगळं एका दमात बाहेर काढणार, आणि काढलं असतं तर कोण तिला नावं ठेवणार होतं?  पण तिनं डोळे पुसले आणि वीरेशच्या हातातून मला घेतलं.

"ह्यो झेला? ह्यो दिला आसता तर वाचलं आसतं म्हंता?"

ती झाडाच्या बुंध्याशी गेली. मला उभं धरलं, हात वर ताणले, टाचा उचलल्या. शेंडा माझ्यापासून कितीतरी वर राहिला. मग ती ट्रॉलीवर चढली आणि तिथूनही मला उंच केलं.

"बगा, आत्ती. वर येकावर येक दोन मानसं उभी केली तरी कमी पडतोय. नवा बी पुरत न्हाई शेंड्याला, ह्यो कुठला?"

बसव्वा उठली. खुबा दुखत असताना उठली, माझ्यापाशी आली, मला दोन्ही हातांत धरलं. हे तेच हात. तिनं स्वतः मला वर केलं.  ती शेंड्याकडं बघत राहिली, मग माझ्या टोकाकडं, पुन्हा शेंड्याकडं.

"पुरत न्हाई," ती म्हणाली. आणि मग, ती बसव्वा आहे, सहजी फसणारी नव्हे, वीरेशकडं वळली. "पर ह्यो घिऊन वर चढलं आसतं तर? बेचक्यात उभं ऱ्हाऊन?"

वीरेशनं वर बघितलं. मला माहीत होतं तो कुठं बघतोय. दुसऱ्या बेचक्याकडं. पतंग, टाळ्या पिटणारं नऊ वर्षांचं पोर, खोडाला पाठ लावून उभा असलेला बाप आणि शेंड्याच्या वर वीतभर उरलेलं माझं टोक. ते सगळं त्याच्या तोंडावर आलं. तो काय बोलणार, त्यावर त्या बाईचं उरलेलं आयुष्य होतं. मी मनात म्हटलं, पोरा, जप.

"काय बोलतीस अव्वा," तो म्हणाला. "दहा हात काठी फांद्यांत फिरतीय व्हय? कुणी कवा नेलाय झेला वर? खालनंच वापरायचा त्यो. अप्पांनी मागितला आसंल सवयीनं. दिला आसतास तरी ठेवूनच चढलं आसतं."

"खरं?"

"तुझी आन."

आईची शपथ घेऊन पोरगा आईशी खोटं बोलला. त्यानं मला तिच्या हातातून काढून घेतलं तेव्हा त्याची मूठ घामानं ओली होती.

बसव्वा रडली. चन्नाप्पा गेला त्या दिवशी रडली नव्हती, ते आता रडली. विद्याश्रीच्या खांद्याला धरून, मोठ्यानं, अंगणातली कोंबडी पळाली इतक्या मोठ्यानं. विद्याश्री तिला थोपटत म्हणत होती, "ऱ्हाऊ दे, आत्ती. ऱ्हाऊ दे आता." त्या दिवशी दुपारी बसव्वा दोन भाकऱ्या जेवली.

उतरवलेल्या फळांच्या तीन अढ्या विद्याश्रीनं गोठ्यातच, माझ्या खाली, गवतात घातल्या. आठ दिवसांनी उघडल्या. हलवून पाडलेल्यांतली बारा सडली होती. माझ्या विसातली सात देठाशी काळी. नव्याची सगळी शेंदरी गालांची, एकच तेवढं मऊ पडलेलं. घ्या! हरलो मी. बसव्वानं नव्याच्या अढीतलं एक फळ उचललं, वास घेतला आणि विद्याश्रीच्या हातात दिलं. "तुझ्या म्हायेरच्यांना धाड. अकरा वर्सं ऱ्हायलंय," म्हणाली. तेव्हा माझा त्या चकचकीत ध्यानावरचा राग गेला. निम्मा तरी गेला.

आकाराम यंत्राची करवत घेऊन आला तेव्हा वीरेशनं त्याला बुंध्यापासून लांब नेलं.

"झाड पाडायचं न्हाई. शेंडा उतरवायचा. म्हंजे फळ सगळं खालीच धरंल, नव्या झेल्यानं जमिनीवरनं निघंल. पाखरांची पाच तेवढी संपू देत, मग लाव करवत."

आकारामनं वर बघितलं. "कुठनं उतरवू?"

"दुसऱ्या बेचक्याच्या खालनं."

"एवढं खालनं कशाला? बेचकं चांगलं दणकट हाय की. ते ठेवू."

"न्हाई," वीरेश म्हणाला. "बेचकं ठेवायचं न्हाई."

आकारामला काही कळलं नाही. मला कळलं. बेचकं गेलं, शेंडा गेला. आता कुणाला माप घ्यायचं झालं तरी घेणार कुठं?

त्या संध्याकाळी वीरेशनं मला पुन्हा वाशाला टांगलं. दोरीची गाठ मारून झाल्यावर तो शिडीवरच थांबला, माझ्या जाळीत हात घालून. त्याच्या बापाच्या डोक्याएवढी जाळी. "तू आनि मी," तो हळूच म्हणाला. "तिसऱ्याला कळाय नगो." मग उतरून वैरण टाकायला गेला.

आता बरं चाललंय. शेंदऱ्या बुटका दिसतो, केस कापलेल्या पोरासारखा, पण नवी पालवी जोरात आहे. वारं सुटलं तरी बसव्वा पोतं घेऊन धावत नाही. म्हणते, आता हाक येत नाही. तिला येत नाही हे खरं आहे, मी तिचं तोंड बघतो.

मला येते. शेंडा नाही तरी येते. फक्त आता ती "झेल गं" अशी येत नाही. दुसऱ्या बेचक्याची जागा होती तिथून, थोडं थांबून, अगदी शांतपणे येते. "झेला कुठाय गं?"

मी इथंच आहे, चन्नाप्पा. तेव्हाही इथंच होतो, दहा पावलांवर. मी पोचलो असतो.

हेच ते पोटातलं. दोघांनीच वाहायचं ठरलं होतं, पण वीरेशला निदान झोप लागते, मला तीही नाही. म्हणून तुमच्यापाशी बोललो. आता माझी विनंती. कधी नेसरीकडं आलात तर आमच्याकडं या. परड्यात बसवून बसव्वा तुम्हाला देठासकट काढलेला आंबा देईल, रस वाढेल. मग गोठ्यात आणून माझ्याकडं बोट दाखवेल. येणाऱ्या प्रत्येक पावण्याला दाखवते. "ह्यो बगा आमचा झेला," म्हणेल, "आखूड हाय. शेंड्याला पुरत न्हवता." आणि तुमच्या तोंडाकडं बघत थांबेल.

तुम्ही नुसतं "व्हय" म्हणा.